अंड्यातल्या धाग्याचा माग

कोंबडीचे अंडे एकविसाव्या दिवशी फुटते, हे गावाकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण उबवायला ठेवल्यावर चौथ्या दिवशीच ते फोडले तर आत काय दिसेल? बलकावर रक्तवाहिन्यांचे लाल जाळे, मधोमध धडधडणारा एक ठिपका आणि स्वल्पविरामासारखा वाकलेला, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा जीव. त्याला अजून पिसे नाहीत, चोच नाही. पण पुढे ज्याचा मज्जारज्जू होणार आहे त्या पाठीतल्या नळीत काही पेशींनी आपापला धागा बाहेर काढलेला असतो आणि तो धागा कुठेतरी जायला निघालेला असतो.

१८९० साली बार्सिलोना शहरातला अडतिशीचा एक प्राध्यापक अशी अंडी फोडत बसला होता. गर्भाचा मज्जारज्जू काढायचा, रसायनात मुरवायचा, त्याचे काप घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, हा त्याचा रोजचा उद्योग. त्यातल्या काही कापांमध्ये त्याला अर्ध्या वाटेवर थांबलेले धागे दिसले. गर्भ रसायनात पडला त्या क्षणी धागा जिथवर पोहोचला होता तिथेच गोठला होता. त्याच्या टोकाला शंकूसारखा फुगीर भाग होता आणि त्या भागातून बारीक बोटे फुटल्यासारखी दिसत होती. प्राध्यापकाने त्याचे चित्र काढले, त्याला वाढीचा शंकू असे नाव दिले आणि त्याचा एक धाडसी अर्थ लावला. हे टोक जिवंतपणी पुढे सरकत असते, वाट चाचपत असते आणि वाटेतल्या पेशींमधून रेटून जागा करून घेत असते, असे त्याने सांगितले.

गंमत अशी की, ते सरकताना त्याने एकदाही पाहिले नव्हते. त्याच्यापुढे होते ते सगळे मेलेले, रंगवलेले, काचपट्टीवर चिकटवलेले.

या प्राध्यापकाचे नाव सांतियागो रामोन इ काहाल. स्पॅनिश भाषेत त्यातल्या ‘जे’ अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळ जातो. इंग्रजी पुस्तकांवरून आपण त्यांना कजाल म्हणत आलो, ते बरोबर नाही. मेंदू हा स्वतंत्र पेशींचा बनलेला असतो, या पेशी एकमेकींना चिकटून एकसंध जाळे करत नाहीत, हे आज शाळेच्या पुस्तकातही असते आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने काहाल यांना दिले जाते. ते योग्यच आहे. पण आज त्यांची आठवण काढायची ती एका वेगळ्या प्रश्नासाठी. गर्भातल्या मेंदूत वाढणाऱ्या चेतापेशीला आपली वाट कशी कळते? आजच्या उत्तरात जनुकांचा मोठा भाग आहे. काहाल यांनी आपले उत्तर सुचवले ते १८९२ साली. जनुक हा शब्द जन्माला यायला तेव्हा सतरा वर्षे अवकाश होता.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यात झाला. वडील हुस्तो गावोगावी शल्यवैद्य म्हणून काम करत. गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, शिस्तीचा आणि हट्टी माणूस. मुलगाही तितकाच हट्टी निघाला. अकराव्या वर्षी त्याने घरीच एक तोफ बनवली आणि शेजाऱ्याच्या नव्याकोऱ्या फाटकाला भगदाड पाडले. त्यासाठी त्याला काही दिवस गावच्या कोठडीत काढावे लागले. अभ्यासात लक्ष नाही, पण सापडेल त्या कागदावर आणि भिंतीवर चित्रे काढायचा नाद. चित्रकार व्हायचे हे त्याने ठरवून टाकले होते. वडिलांच्या लेखी चित्रकला म्हणजे उपाशी मरण्याचा धंदा. मुलाला वठणीवर आणायला त्यांनी त्याला काही काळ न्हाव्याच्या दुकानात आणि काही काळ जोडे बनवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. याने काही साधले नाही.

जे साधले ते स्मशानात. १८६८च्या उन्हाळ्यात वडील मुलाला घेऊन जुन्या दफनभूमीत गेले. उघड्यावर आलेली हाडे दोघांनी गोळा केली आणि घरी वडिलांनी त्यावरून शरीररचना शिकवायला सुरुवात केली. सोळा वर्षांचा सांतियागो हाडे चितारू लागला. ज्या हाताला वडिलांनी इतकी वर्षे अडवले तोच हात आता वैद्यकाच्या कामी आला. पुढे वडील सारागोसा इथे शरीरविच्छेदन शिकवू लागले, तेव्हाही बापलेकांची ही जोडी मृतदेहांपाशी एकत्र बसत असे. मला या माणसाच्या आयुष्यातली ही जागा फार महत्त्वाची वाटते. वीस वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना जे दिसले ते इतरांनाही दिसण्यासारखे होते. काय दिसते आहे हे कागदावर उतरवता येणे मात्र वेगळे.

१८७३ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली. लगेच सैन्यात भरती आणि पुढच्या वर्षी क्युबा. तेव्हा क्युबा ही स्पेनची वसाहत होती आणि तिथे बंड चालू होते. गोळीपेक्षा डासांनी जास्त सैनिक जायबंदी होत. काहाल यांना मलेरियाने आणि पाठोपाठ आमांशाने गाठले. १८७५ साली खंगलेल्या अवस्थेत ते घरी परतले. नोकरीचे साठवलेले पैसे घालून, उरलेले हप्त्याने फेडण्याच्या बोलीवर त्यांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला आणि घरीच बारीकशी प्रयोगशाळा थाटली. १८७८ मध्ये क्षयरोग झाला, त्यातूनही ते उठले. पुढच्या वर्षी सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी लग्न झाले. त्यांना सात मुले झाली. इतक्या मोठ्या घराचा प्राध्यापकाच्या पगारात गाडा कसा हाकला गेला, याचे उत्तर सिल्वेरियांकडे होते. काहाल यांच्या कीर्तीच्या हिशेबात ही बाजू बहुधा धरली जात नाही.

व्हॅलेन्सिया इथे शरीररचनेचे प्राध्यापक असताना १८८५ मध्ये त्या भागात कॉलऱ्याची साथ आली. काहाल यांनी रोगाच्या जंतूवर अभ्यास केला. सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने त्या कामाबद्दल त्यांना भेट दिली ती जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या उत्तम सूक्ष्मदर्शकाची. बंदुकीला नेम लागावा तसे झाले. कॉलऱ्यासाठी आलेले यंत्र मेंदूच्या कामी लागले.

१८८७ साली माद्रिदमध्ये लुईस सिमारो या डॉक्टरांनी त्यांना काही काचपट्ट्या दाखवल्या. इटलीतल्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या पद्धतीने त्या रंगवल्या होत्या. चेतापेशींचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. चांदीचे क्षार पेशीत साठतात आणि पिवळसर पार्श्वभूमीवर पेशी शाईने काढल्यासारखी काळी उमटते. तीही सगळी नव्हे, शेकड्यात एखाद-दुसरीच. हीच खरी खुबी होती. सगळ्याच पेशी काळ्या झाल्या असत्या तर पट्टी नुसती काळीकुट्ट दिसली असती. पण ही पद्धत भलतीच लहरी होती. आज छान चित्र, उद्या त्याच रसायनात नुसता गाळ. चौदा वर्षे ती अस्तित्वात असूनही फार थोडे लोक तिच्या वाटेला जात.

काहाल गेले. त्यांनी मुरवण्याचा वेळ बदलून पाहिला, एकदाच्या ऐवजी दोनदा मुरवून पाहिले, काप जाड घेतले. आणि त्याहून मोठी गोष्ट केली ती अशी की, प्रौढ प्राण्याचा मेंदू बाजूला ठेवून गर्भाचा आणि नवजात पिलांचा मेंदू घेतला. नव्या इमारतीत प्लास्टर होण्याआधी गेलात तर कोणती वायर कुठून निघून कोणत्या खोलीत जाते हे सरळ दिसते. रंग लागल्यावर भिंतीला कान लावून बसावे लागते. प्रौढ मेंदूत तंतूंभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त वेष्टण असते. चांदी त्यातून आत शिरत नाही. गर्भात हे वेष्टण अजून चढलेले नसते, तंतू आखूड असतात, गर्दी कमी असते. ज्या पेशी प्रौढ मेंदूत तुकड्या-तुकड्यांत दिसत त्या इथे मुळापासून टोकापर्यंत सलग दिसू लागल्या.

याच सुमारास ते बार्सिलोनाला आले होते. १८८८च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक त्रैमासिक काढले. पहिल्या अंकाच्या ६० प्रती छापल्या आणि युरोपातल्या नामांकित शास्त्रज्ञांना पाठवल्या. बहुतेक लेख त्यांचेच. स्पॅनिशमध्ये विज्ञान वाचणारे तेव्हा कोणी नव्हते, म्हणून उत्तरेही फारशी आली नाहीत. १८८९च्या ऑक्टोबरात ते आपल्या काचपट्ट्या घेऊन पदरमोड करून बर्लिनच्या परिषदेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावू लागले. त्या क्षेत्रातले सर्वांत ज्येष्ठ नाव अल्बर्ट फोन कोलिकर. वय बहात्तर. त्यांनी डोळा लावला आणि त्यांचे मत बदलले. काहाल यांचे लेखन मुळातून वाचता यावे म्हणून त्या वयात त्यांनी स्पॅनिश शिकायला घेतली. या गोष्टीत मला काहाल यांच्याइतकेच कोलिकर मोठे वाटतात.

बार्सिलोनाच्या याच वर्षांत काहाल यांची एक लहान मुलगी मेनिंजायटिसने गेली. तिच्या आजारपणातल्या रात्रीही आपण सूक्ष्मदर्शकापाशी आधार शोधत होतो, हे त्यांनी आत्मचरित्रात लपवलेले नाही. मुलगी आईच्या मांडीवर होती.

आता पुन्हा त्या अंड्याकडे. धाग्याच्या टोकावरचा शंकू महत्त्वाचा का होता? कारण तेव्हा दोन-तीन मते एकमेकांशी झगडत होती. जर्मनीतले व्हिक्टर हेन्झन म्हणत की, पेशी विभागताना त्यांच्यामध्ये बारीक पूल शिल्लक राहतात आणि पेशी एकमेकींपासून दूर गेल्या की तेच पूल ताणले जाऊन चेतातंतू होतात. म्हणजे धाग्याला कुठे जायचेच नसते, तो पहिल्यापासून दोन्ही टोकांना बांधलेला असतो. गोल्जींचा विश्वास होता सलग जाळ्यावर. याउलट विल्हेल्म हिस म्हणत की, प्रत्येक तंतू एकाच पेशीतून फुटतो आणि मोकळ्या टोकाने वाढतो. काहाल यांच्या काचपट्टीवर ते मोकळे टोक होते. ते मान्य केले की, हेन्झन यांचे पूल कोसळतात, पण त्यांच्याबरोबर एक सोयही जाते. धागा आधीच बांधलेला असेल तर वाट चुकण्याचा प्रश्न नाही. मोकळ्या टोकाने निघालेल्या धाग्याला मात्र कोणी तरी वाट दाखवावी लागते.

आणि वाटही सोपी नव्हती. काहाल ज्या पेशींकडे पाहत होते त्या मज्जारज्जूच्या पाठीकडच्या भागात असतात. त्यांचा तंतू आधी पोटाच्या दिशेने खाली उतरतो, मधली रेषा ओलांडून पलीकडच्या बाजूला जातो आणि तिथे काटकोनात वळतो. वाटेत त्याला हजारो पेशी भेटतात, तो कुठेच थांबत नाही. आपल्याही मज्जारज्जूत असे तंतू आहेत. उजव्या पायाला चटका बसला की, त्याची खबर मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात जाते ती अशाच ओलांडणाऱ्या तंतूंमुळे.

१८९२ मध्ये डोळ्याच्या पडद्यावर लिहिताना काहाल यांनी आपला अंदाज मांडला. शरीरात कुठे जखम झाली, पू झाला की, पांढऱ्या पेशी रसायनांच्या वासाने तिकडे धाव घेतात, हे त्या काळात नुकतेच कळले होते. काहाल म्हणाले, चेतातंतूचेही तसेच असावे. गर्भातल्या काही पेशी ठराविक वेळी काही पदार्थ सोडत असाव्यात आणि वाढीचा शंकू त्या पदार्थाचा माग काढत जात असावा. पदार्थ कोणता, कोणी सोडला, किती काळ सोडला, यातले काहीही त्यांना ठाऊक नव्हते आणि शोधून काढायचे साधनही नव्हते. इतर शास्त्रज्ञांनी ही कल्पना कविकल्पना मानली तर त्यांना दोष देता येणार नाही. पुराव्याशिवाय केलेले शंभर अंदाज विज्ञानाच्या अडगळीत पडलेले असतात, आपल्याला आठवतो तो खरा ठरलेला एक.

पुढचे आयुष्य मानसन्मानांचे. ते थोडक्यात सांगतो. १८९२ मध्ये माद्रिदला प्राध्यापकपद, १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत व्याख्यान, १९०६ मध्ये नोबेल. ते गोल्जींबरोबर वाटून मिळाले. स्टॉकहोममध्ये दोघे पहिल्यांदाच भेटले. ११ डिसेंबरला गोल्जींनी आपल्या भाषणात चेतापेशी स्वतंत्र असतात या मताचीच चिरफाड केली. दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात काहाल यांनी नेमके तेच मत मांडले. एकाच रंगाने रंगवलेल्या पट्ट्यांत दोन माणसांनी दोन मेंदू पाहिले होते. गोल्जींना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. त्या काळच्या भिंगांना दोन पेशींमधली फट दिसणे शक्यच नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दाखवली १९५०च्या दशकात, तेव्हा दोघेही नव्हते.

वाढीच्या शंकूचा निकाल मात्र काहाल यांच्या हयातीतच लागला. १९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला चेतापेशींचा कण घेऊन तो लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवला. शरीराबाहेर, काचेवर. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना धागा लांबत जाताना दिसला आणि टोकावर बोटे हलवणारा, पसरणारा, आखडणारा शंकू दिसला. सतरा वर्षांपूर्वी मेलेल्या पेशीवरून केलेले वर्णन जिवंत पेशीवर तंतोतंत लागू पडले.

काहाल यांनी यानंतर जखमी चेतातंतूंकडे मोर्चा वळवला. हातापायातली तुटलेली नस पुन्हा वाढते, मज्जारज्जूतले आणि मेंदूतले तुटलेले तंतू मात्र थोडे फुटतात आणि सुकून जातात. असे का? त्यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा रोवला, तर मेंदूतले तंतू त्यात शिरून वाढू लागले. म्हणजे वाढण्याची कुवत संपलेली नव्हती, आसपास हवे ते मिळत नव्हते. हा प्रयोग जवळपास विस्मरणात गेला. १९८१ मध्ये कॅनडात तो नव्या तंत्राने पडताळला गेला, तेव्हा कुठे पाठीच्या कण्याच्या दुखापतींवरच्या संशोधनाला जोर आला.

१९३० साली सिल्वेरिया गेल्या. काहाल शेवटपर्यंत लिहीत राहिले. चेतापेशी स्वतंत्र आहेत याची बाजू त्यांनी पुन्हा एकदा सविस्तर मांडली ती १९३३ मध्ये. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यापाठोपाठ त्यांचा रासायनिक मागाचा अंदाजही मागे पडला. पॉल वाइस या प्रभावी शास्त्रज्ञाचे मत होते की, तंतू वेल वाढावा तसा समोरच्या पृष्ठभागाला धरून वाढतो आणि जोडण्या नेमक्या नसल्या तरी मेंदू वापरातून सावरून घेतो. वाइस यांचाच विद्यार्थी रॉजर स्पेरी याने हे मोडून काढले. त्याने उभयचर प्राण्यांची नेत्रनस कापून डोळा उलटा फिरवून बसवला. नस पुन्हा वाढली, पण तंतू आपापल्या जुन्याच ठिकाणी जाऊन जोडले गेले. परिणामी वर किडा दिसला की बेडूक जीभ खाली मारायचा आणि कितीही दिवस गेले तरी तो सुधारला नाही. प्रत्येक तंतूजवळ आणि प्रत्येक ठिकाणी कसली तरी रासायनिक खूण असली पाहिजे, असे स्पेरी यांनी १९६३ मध्ये ठामपणे मांडले.

पण खुणा येतात कुठून? इथे जनुके आली आणि येताना एक कोडेही घेऊन आली. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रथिने बनवणारी जनुके मात्र वीस हजारांच्या आसपास. प्रत्येक तंतूसाठी वेगळा पत्ता लिहायचा म्हटले तर जनुके पुरणारच नाहीत. मग थोड्या जनुकांत एवढी मांडणी होते कशी?

पहिला धागा सापडला तो एका किड्यात. मातीत राहणारा मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी, त्याच्यात अवघ्या ३०२ चेतापेशी. त्यातले काही उत्परिवर्तित किडे नीट वळवळत नाहीत, अडखळतात. १९९० मध्ये अशा किड्यांच्या अभ्यासातून अन्क-६ हे जनुक पुढे आले. ते बिघडले की, पाठीकडून पोटाकडे किंवा पोटाकडून पाठीकडे जाणारे तंतू वाट चुकत.

दरम्यान, मज्जारज्जूच्या तळाशी मधल्या रेषेवर असलेल्या पेशींची पट्टी काही तरी सोडते आणि तंतू तिकडे वळतात, हे १९८८ मध्ये काचेच्या बशीत दिसले होते. काय सोडते हे शोधायला ती पट्टी फारच लहान होती. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मार्क टेसिए-लव्हिन यांच्या गटाने मग कोंबडीच्या हजारो गर्भांचे मेंदू गोळा केले आणि ते गाळत गाळत १९९४ मध्ये दोन प्रथिने वेगळी काढली. काहाल यांनी जिथून सुरुवात केली तिथेच, कोंबडीच्या अंड्यात. त्या प्रथिनांचा क्रम पाहिला तर तो किड्याच्या अन्क-६ शी जुळला. साठ कोटी वर्षे तरी वेगळ्या वाटेने आलेले दोन जीव, पण वाटाड्या तोच.

त्या प्रथिनांचे नाव नेट्रिन. हे नाव संशोधकांनी संस्कृतातून घेतले. ‘नेतृ’, म्हणजे नेणारा. आपले नेता आणि नेतृत्व तिथूनच आलेले. पेपरात हा शब्द रोज वेगळ्या पानावर वाचणाऱ्या आपल्याला तो मज्जारज्जूत भेटावा, याची मौज वाटते.

कोडे सुटायलाही इथूनच सुरुवात झाली. जनुके नकाशा काढत नाहीत. कोणत्या पेशीने कोणती खूण केव्हा सोडायची आणि कोणत्या तंतूने कोणती खूण वाचायची, एवढेच ती ठरवतात. खूण वाचणारा ग्राहक शंकूच्या पृष्ठभागावर असतो. नेट्रिनचा असा एक ग्राहक डीसीसी या जनुकापासून बनतो. एकच खूण एका तंतूला ओढते आणि ज्याच्यावर वेगळा ग्राहक आहे त्याला दूर लोटते. खुणा मूठभर, पण त्यांचे वेळापत्रक आणि जोड्या असंख्य.

ओढणाऱ्या खुणेने एक नवा पेचही येतो. मधल्या रेषेवर इतकी ओढ असेल तर तंतू तिथेच का नाही थांबत? याचे उत्तर फळमाशीने दिले. त्या माश्यांमध्ये एक जनुक बिघडले की, तंतू रेषा ओलांडून परत येतात, पुन्हा ओलांडतात, चौकातल्या वाहतूक बेटाभोवती फिरत राहावे तसे. म्हणून त्या जनुकाचे नाव राउंडअबाउट, लाडाने रोबो. रेषेवरच्या पेशी स्लिट नावाचे दूर लोटणारे प्रथिनही सोडतात. ओलांडण्यापूर्वी तंतू त्याच्याकडे जवळजवळ बहिरा असतो. ओलांडल्यावर रोबो हा ग्राहक पृष्ठभागावर वाढतो आणि परतीची वाट बंद होते.

काहाल यांचा अंदाज मग शंभर टक्के खरा ठरला का? नाही. त्यांनी प्रामुख्याने ओढ सुचवली होती, लोटणेही तितकेच महत्त्वाचे निघाले. आणि २०१७ मध्ये उंदरांवरच्या दोन अभ्यासांनी आणखी एक धक्का दिला. तळाच्या पट्टीतले नेट्रिन काढून टाकले तरी मज्जारज्जूतले बहुतेक तंतू रेषेपर्यंत पोहोचतात. वाटेवरच्याच पेशी आपले नेट्रिन कडेला पसरून ठेवतात, तंतू त्याला धरून चालतो. दुरून येणाऱ्या वासापेक्षा पायाखालच्या खुणा अधिक कामाच्या. म्हणजे वाइस यांच्या म्हणण्यातही थोडे तथ्य होते.

हे सगळे अंड्यापुरते आणि उंदरापुरते नाही. काही माणसांना जन्मापासून एका हाताने केलेली हालचाल दुसऱ्या हाताने आपोआप होते. उजव्या हाताने शर्टाचे बटण लावावे तर डाव्या हाताची बोटेही हवेत तशीच फिरतात. लहान मुलांत हे थोडेफार दिसते आणि साधारण दहाव्या वर्षापर्यंत मावळते, त्याची काळजी करू नये. पण काही घराण्यांत ते आयुष्यभर टिकते. २०१० मध्ये कॅनडातल्या अशाच एका फ्रेंचभाषक घराण्याच्या तपासणीत बिघाड सापडला तो डीसीसी जनुकात. ज्या तंतूंनी मेंदूतून उतरताना पलीकडे जायला हवे होते त्यांतले काही गेलेच नाहीत, म्हणून एकाच आज्ञेला दोन्ही हात हलतात. रोबो कुळातले तिसरे जनुक दोन्ही प्रतींत बिघडले तर मुलाला डोळे आडवे फिरवता येत नाहीत आणि पाठीचा कणा वाढत्या वयाबरोबर वाकत जातो. अशा रुग्णांच्या मेंदूच्या तळाशी जे तंतू एकमेकांना ओलांडून जायला हवेत ते ज्याच्या त्याच्या बाजूला सरळ जाताना दिसतात.

डीसीसीचा बिघाड असलेल्या या माणसांची बुद्धी सहसा नेहमीसारखीच असते. शाळेत लिहिताना मात्र मोकळा हात मांडीखाली दाबून धरायची सवय त्यांना लहानपणीच लागते.